दाखला आणि अट : लोकमान्य टिळकांच्या जीवनातील गीता

१

धर्मग्रंथ माणसाला हिंसेकडे नेतो, की हिंसेचा निश्चय केलेला माणूस धर्मग्रंथात आधार शोधतो, हा धर्मेतिहासातील जुना प्रश्न आहे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकापुढे तो प्रामुख्याने भगवद्गीतेच्या संदर्भात उभा राहतो. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवर मराठीत भाष्य केले. तेव्हापासून वामन पंडितांच्या ‘यथार्थदीपिके’पर्यंत आणि पुढे विनोबांच्या ‘गीताई’पर्यंत या ग्रंथाचे मराठीतील वाचन खंडित झालेले नाही. या परंपरेतील बहुतेक टीकाकारांनी कुरुक्षेत्रावरील युद्ध हे उपदेशाचे निमित्त मानले. युद्ध हाच उपदेशाचा विषय आहे असे मानून अर्जुनाच्या प्रश्नाला ऐहिक व्यवहाराच्या पातळीवर उत्तर शोधणारे पहिले मोठे मराठी भाष्यकार म्हणजे बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०).

टिळकांच्या जीवनात गीतेचा निर्णायक उपयोग दोन वेळा झालेला दिसतो. पहिला उपयोग १८९७च्या जून महिन्यात, पुण्यातील एका व्याख्यानात, अफजलखानाच्या वधाच्या समर्थनासाठी झाला. दुसरा मंडालेच्या तुरुंगात १९१०–११च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त. चरित्रकार आणि टीकाकार सामान्यतः या दोहोंना एकाच विचाराची दोन रूपे समजतात. स्तुती करणारे दोहोंची एकत्र स्तुती करतात आणि दोष देणारे दोहोंना एकत्रच दोष देतात. परंतु दोन्ही ठिकाणी एकच तत्त्व सांगितलेले असले तरी त्या तत्त्वाकडून करून घेतलेले कार्य भिन्न आहे. व्याख्यानात निष्कामता हा घडून गेलेल्या कृत्याला दिलेला दाखला आहे; ग्रंथात ती कृत्याच्या आधी पुरी करावयाची अट आहे. टिळकांच्या चरित्राकडे या भेदाच्या अंगाने पाहिले असता, धर्मवचनाच्या आधारे होणाऱ्या हिंसासमर्थनाची घडण स्पष्ट होऊ लागते.

२

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक, संस्कृतचे जाणकार आणि गणितावर पुस्तके लिहिणारे गृहस्थ होते. १८६६ साली त्यांची बदली पुण्यास झाली आणि त्याच वर्षी टिळकांची आई निवर्तली. गंगाधरपंत १८७२ साली वारले. त्यांच्या अखेरच्या दुखण्यात गीतेवरील एक मराठी टीका त्यांना वाचून दाखविण्याचे काम सोळा वर्षांच्या मुलाकडे आले होते. गीतेशी टिळकांचा पहिला परिचय हा असा मृत्युशय्येजवळचा आहे. ‘गीतारहस्या’च्या प्रस्तावनेत त्यांनी तो नमूद केला असून त्या वेळी मनात उठलेली शंकाही तेथेच सांगितली आहे. लढण्यास तयार नसलेल्या वीराला लढावयास लावण्यासाठी सांगितलेल्या ग्रंथात ज्ञानाने किंवा भक्तीने मोक्ष कसा मिळवावा याचेच विवेचन टीकाकारांना का दिसते, अशी ती शंका होती.

ही शंका बालसुलभ असली तरी तिच्यात पुढील सर्व विवेचनाचे बीज आहे. एक म्हणजे, ग्रंथाचा अर्थ त्याच्या प्रसंगापासून तोडून लावता येत नाही, ही जाणीव तिच्यात आहे. दुसरे म्हणजे, प्रसंग युद्धाचा असल्यामुळे अर्थनिर्णय करणाऱ्याला हिंसेच्या प्रश्नापासून पळ काढता येणार नाही, हेही तिच्यात गृहीत आहे. संन्यासपर टीकाकारांनी हा प्रश्न टाळला होता. टिळकांनी तो टाळला नाही, हे त्यांचे वैशिष्ट्य. आणि त्यांच्यावरील आक्षेपांचे मूळही तेथेच आहे.

डेक्कन कॉलेजातून १८७६ साली बी. ए. आणि १८७९ साली एल्एल. बी. झाल्यावर टिळकांनी सरकारी नोकरी किंवा वकिली पत्करली नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि आगरकर यांच्या सहवासात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज अशी कार्याची उभारणी झाली. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली आगरकरांसह त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. १८९० साली सोसायटीशी संबंध तुटल्यावर वृत्तपत्र हेच त्यांचे मुख्य साधन झाले. गणित, कायदा आणि मीमांसा या तिन्ही शास्त्रांची शिस्त त्यांच्या बुद्धीला होती. वृत्तपत्रीय लेखनाला मात्र प्रसंगाचा ताण असतो. शास्त्रीय शिस्त आणि प्रासंगिक ताण यांची ओढाताण त्यांच्या गीताविचारातही दिसते.

३

१८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा दंगा झाला. त्याच सुमारास टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक स्वरूप देण्याचा पुढाकार घेतला. १८९५ साली रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धारासाठी चळवळ सुरू झाली आणि १८९६ साली रायगडावर शिवाजी-उत्सव झाला. पाठोपाठ दुष्काळ आणि प्लेग आले. १८९७च्या आरंभी पुण्यात प्लेगचा प्रादुर्भाव वाढला तेव्हा सरकारने वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली आणि घरांच्या झडतीसाठी गोरे सोजीर लावले. झडत्यांमुळे शहरात संताप पसरला. अनेक पुढारी पुणे सोडून गेले. टिळक पुण्यातच राहिले, हिंदूंसाठी स्वतंत्र रुग्णालय उघडण्याच्या कामी लागले आणि ‘केसरी’तून सोजिरांच्या वर्तनावर टीका करीत राहिले.

अशा वातावरणात १२ आणि १३ जून १८९७ रोजी पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी घडलेल्या अफजलखानाच्या वधाची चर्चा या उत्सवात प्रमुख होती. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात या घटनेला विश्वासघात ठरविल्यापासून मराठी इतिहासकारांना तो आरोप सलत होता. प्रथम वार कोणी केला, दगा कोणाच्या मनात होता, उपलब्ध साधने काय सांगतात, या अंगाने वाद चालला होता. तो वाद पुराव्याचा होता आणि पुराव्याने सुटण्याजोगा होता.

अध्यक्षीय भाषणात टिळकांनी हा पुराव्याचा वाद बाजूला ठेवला. महाराजांनी खानाला मारण्याचा बेत आधीच केला होता असे मानले तरी ते कृत्य वाईट ठरते काय, असा प्रश्न त्यांनी घेतला. त्याचे उत्तर दंडसंहितेत किंवा स्मृतिग्रंथांत शोधू नये. सामान्य माणसाला बांधणारे नीतिनियम थोर पुरुषांना त्याच रीतीने लागू होत नाहीत. गीतेत श्रीकृष्णाने गुरुजनांना आणि आप्तांनाही मारण्याचा उपदेश केला असून फलाची आशा न धरता कर्म करणाऱ्याला दोष लागत नाही. महाराजांनी हे कृत्य स्वतःच्या पोटासाठी केले नाही, परहितासाठी केले. म्हणून ते निर्दोष आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा सारांश होता. घरात शिरलेल्या चोरांना हुसकावण्याचे बळ नसेल तर त्यांना कोंडून जाळण्याचा दृष्टान्तही त्यांनी दिला. श्रोत्यांनी संकुचित दृष्टी सोडून पीनल कोडाच्या चौकटीबाहेर पडावे आणि गीतेच्या उंच वातावरणात यावे, असा भाषणाचा रोख होता. १५ जूनच्या ‘केसरी’त उत्सवाचा वृत्तांत छापून आला.

या युक्तिवादाची रचना लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. इतिहासाचा प्रश्न आधी नीतीचा केला गेला आणि मग नीतीचा प्रश्न धर्मग्रंथाकडे सोपविला गेला. या दोन पायऱ्या चढताना पुराव्याची गरज संपते. आत्मसंरक्षणाची बाजू मांडली असती तर खानाचे वर्तन सिद्ध करावे लागले असते. निष्कामतेची बाजू मांडली असता केवळ कर्त्याचे अंतःकरण उरते, आणि मृत कर्त्याच्या अंतःकरणाची साक्ष त्याचा गौरव करणाराच देतो. गीतेत निष्कामता हे साधकाने स्वतःच्या मनावर चालवावयाचे शस्त्र आहे. व्याख्यानात ते दुसऱ्याने दिलेले प्रशस्तिपत्र झाले. शिवाय, त्यात कृत्याचे समर्थन भूतकाळाविषयी असले तरी चोरांचा दृष्टान्त वर्तमानकाळाकडे बोट दाखवीत होता, हे श्रोत्यांना समजत नव्हते असे म्हणता येणार नाही.

४

२२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावले. रँड ३ जुलै रोजी. व्याख्यान आणि वध यांत दहा दिवसांचे अंतर होते. टिळकांना २७ जुलै रोजी मुंबईत अटक झाली. त्यांच्यावर खुनाचा किंवा कटाचा आरोप ठेवला गेला नाही. १५ जूनच्या अंकातील मजकुराबद्दल कलम १२४अ खाली राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. नऊ जणांच्या ज्यूरीतील सहा युरोपियनांनी दोषी आणि तीन हिंदी सभासदांनी निर्दोष असे मत दिले. १४ सप्टेंबर १८९७ रोजी अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली.

अर्थनिर्णयाच्या दृष्टीने हा खटला महत्त्वाचा आहे. न्यायालयापुढे मराठी मजकूर इंग्रजी भाषांतरातून गेला. कायद्यातील एका शब्दाचा अर्थ न्यायमूर्तींनी इतका व्यापक लावला की, सरकारविषयी प्रेमाचा अभाव हाही त्यात येऊ लागला. म्हणजे एका बाजूला धर्मवचनाचा अर्थ प्रसंगासाठी ताणला गेला होता आणि दुसऱ्या बाजूला कायद्याच्या वचनाचा अर्थही प्रसंगासाठीच ताणला गेला. सत्ता आणि तिचे विरोधक हे दोघेही आपापल्या संहितांचे टीकाकार झाले होते. १८९८ साली १२४अ हे कलम दुरुस्त करून स्ट्रॅचींचा व्यापक अर्थ कायद्याच्या स्पष्टीकरणातच समाविष्ट करण्यात आला.

रँडच्या वधाबद्दल दामोदर हरी चाफेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास फाशी झाली. त्यांचे बंधू बाळकृष्ण आणि वासुदेव यांना १८९९ साली फाशी देण्यात आली. चाफेकर हे कीर्तनकाराचे पुत्र होते. पुराण आणि आख्यान यांच्या संस्कारात ते वाढले होते. दामोदर यांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात धर्माचा कडवा अभिमान आणि सुधारकांविषयीचा तिटकारा दिसतो. त्यांची प्रेरणा टिळकांच्या एका व्याख्यानातून निर्माण झाली असे म्हणणे पुराव्याला धरून होणार नाही. तिची मुळे अधिक जुनी होती. तथापि टिळक त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगातच होते, त्यांनी आपली गीतेची प्रत दामोदर यांना दिली आणि ती हातात घेऊनच ते फाशी गेले, अशी हकीकत चरित्रग्रंथांत आढळते. हकीकतीचा तपशील कसाही असो, ती ज्या आदराने पुढे सांगितली गेली त्यावरून गीता आणि वधस्तंभ यांचे साहचर्य महाराष्ट्राच्या मनात रुजले, एवढे निश्चित होते.

मॅक्समुल्लर, विल्यम हंटर आदींनी केलेल्या प्रयत्नांमुळे टिळक ६ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्त झाले. त्यानंतरच्या दशकात हे साहचर्य बंगालमध्येही दृढ झाले. अनुशीलन समितीच्या दीक्षाविधीत गीता आणि तरवार एकत्र आली. १९१८च्या रौलट समितीच्या अहवालाने क्रांतिकारकांच्या शिक्षणात वापरल्या जाणाऱ्या ग्रंथांत गीतेची नोंद केली. मराठी रंगभूमीवर १९०७ साली आलेल्या आणि १९१० साली बंदी घातलेल्या खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकानेही महाभारतातील एका वधाला समकालीन अर्थ दिला. धर्मग्रंथ आणि महाकाव्य ही राजकीय रूपकाची भाषा बनली होती. उघड बोलण्यास बंदी असलेल्या काळात ही भाषा सोयीची होती. मात्र रूपकाची भाषा मर्यादा सांगत नाही; ती फक्त दिशा सांगते.

५

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी न्यायाधीश किंग्जफर्ड यांना मारण्यासाठी बाँब टाकला. त्यात किंग्जफर्ड यांच्याऐवजी केनेडी कुटुंबातील दोन स्त्रिया मरण पावल्या. या घटनेविषयी ‘केसरी’त आलेल्या १२ मे आणि ९ जूनच्या लेखांमुळे टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. या लेखांत धर्मग्रंथाचा दाखला प्रधान नाही. बाँबचा मार्ग त्यांत निषिद्ध मानला असून त्याची जबाबदारी दडपशाहीवर टाकली आहे. १८९७ची भूमिका कृत्याला निर्दोष ठरविण्याची होती. १९०८ची भूमिका कृत्याची कारणमीमांसा करण्याची आहे. समर्थन आणि कारणमीमांसा या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि सरकारी भाषांतरात हा फरक पुसला जातो, असे टिळकांनी न्यायालयात हिरिरीने मांडले. एकवीस तासांहून अधिक काळ त्यांनी स्वतःचा बचाव केला. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. ज्यूरीचे मत सात विरुद्ध दोन असे होते.

तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्या दोन स्त्रिया कोणत्याही युद्धात उतरलेल्या नव्हत्या. कुरुक्षेत्रावर समोर उभा असलेला प्रत्येकजण शस्त्रधारी आणि युद्धासाठी आलेला होता. रस्त्यावर टाकलेल्या बाँबला समोर कोण आहे हे ठाऊक नसते. गीतेचा प्रसंग आणि विसाव्या शतकातील गुप्त वध यांत हा जो मूलभूत फरक आहे, तो गीतेचा आधार घेणाऱ्या कोणत्याही राजकीय लेखनात पुरेसा विचारात घेतला गेला नाही.

६

१९०८च्या सप्टेंबरात टिळक मंडालेस पोहोचले. लाकडी खोली, ब्रह्मदेशचे हवामान, मधुमेहाचा विकार आणि एकान्त अशा परिस्थितीत त्यांनी वाचन सुरू केले. लेखनासाठी पाने मोजून बांधलेल्या वह्या आणि शिसपेन्सिली मिळत. १९१०–११च्या हिवाळ्यात काही महिन्यांतच ‘गीतारहस्या’चा खर्डा पुरा झाला. ७ जून १९१२ रोजी पत्नी सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्या. ही बातमी त्यांना तुरुंगातच कळली. १६ जून १९१४च्या मध्यरात्री त्यांना पुण्यात घरी आणून सोडण्यात आले. हस्तलिखित सरकारकडून परत मिळाल्यावर ‘श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र’ हा ग्रंथ जून १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाची पद्धती व्याख्यानाच्या पद्धतीहून सर्वस्वी निराळी आहे. पहिल्याच प्रकरणात मीमांसकांच्या तात्पर्यनिर्णयाच्या कसोट्या मांडून ग्रंथाचा उपक्रम आणि उपसंहार यांवरून अर्थ लावण्याचा मार्ग स्वीकारला आहे. आरंभी अर्जुन लढण्यास नकार देतो आणि अखेरीस लढण्यास उभा राहतो. म्हणून मधला उपदेश कर्मपर असलाच पाहिजे, हा युक्तिवाद सोळाव्या वर्षीच्या शंकेचे शास्त्रीय रूप आहे. ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात शेक्सपिअरच्या हॅम्लेट आणि कोरिओलेनस यांच्यापासून विश्वामित्राच्या आख्यानापर्यंत अनेक धर्मसंकटे गोळा केली आहेत. अहिंसा, सत्य, अस्तेय हे नियम निरपवाद नाहीत, आततायीच्या बाबतीत स्मृतिकारांनी अपवाद मानले आहेत, हे दाखवून अपवाद ठरवावयाचा कसा, हा ग्रंथाचा मुख्य प्रश्न होतो. मिल, स्पेन्सर, कांट आणि ग्रीन यांच्या मतांचा परामर्श घेऊन टिळक असा निर्णय करतात की, पुष्कळांचे पुष्कळ सुख हा बाह्य निकष अपुरा आहे. कर्माची योग्यता कर्त्याच्या बुद्धीच्या शुद्धतेवरून ठरते, आणि शुद्ध बुद्धी म्हणजे सर्व भूतांच्या ठायी आत्मौपम्याने पाहणारी सम बुद्धी.

येथे व्याख्यानातील निष्कामतेचे स्वरूप पालटते. फलाशा नाही एवढेच पुरेसे राहत नाही. ज्याच्याविरुद्ध शस्त्र उचलावयाचे तोही आपल्यासारखाच आहे, ही जाणीव शस्त्र उचलताना अभंग राहिली पाहिजे. ‘सिद्धावस्था व व्यवहार’ या प्रकरणात लोभी आणि दुष्ट माणसांनी भरलेल्या समाजात स्थितप्रज्ञाने कसे वागावे, याची चर्चा आहे. वैर न धरणे म्हणजे प्रतिकार न करणे नव्हे, साधुपणाच्या उपायाने दुष्टता वळत नसेल तेथे कठोर उपायही योजता येतो, परंतु तो मनात द्वेष न ठेवता, असे तेथे प्रतिपादन आहे. हिंसेची परवानगी येथेही आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तिच्यापुढे घातलेली अट इतकी कडक आहे की, १८९७च्या जूनमधील संतप्त पुण्यात ती पुरी करणारा मनुष्य सापडणे कठीण होते. व्याख्यानातील थोर पुरुष नियमांच्या वर उभा होता. ग्रंथातील स्थितप्रज्ञ नियमांच्या मुळाशी जाऊन स्वतःला अधिक बांधून घेतो.

मात्र एक प्रश्न ग्रंथातही अनुत्तरित राहतो. बुद्धी सम झाली आहे हे ठरविणार कोण? बाह्य परिणाम हा निकष टिळकांनी दुय्यम ठरविला. लोकमत हा निकष त्यांना मान्य होण्यासारखा नव्हता. कायदा तर परक्यांचा होता. शेवटी कर्त्याचे स्वतःचे अंतःकरण हाच साक्षीदार आणि हाच न्यायाधीश उरतो. खुनी मनुष्यालाही आपले अंतःकरण निर्मळ वाटू शकते. किंबहुना धर्मग्रंथ हाती असला म्हणजे ते अधिकच निर्मळ वाटते. अट कितीही कडक असली तरी ती तपासणारा कोणी नसेल, तर व्यवहारात तिचा पुन्हा दाखला होतो. ‘गीतारहस्या’च्या भव्य रचनेतील ही उणीव तिच्या कर्त्याच्या प्रामाणिकपणाला बाधा आणत नाही. अंतःकरणशुद्धीवर उभ्या असलेल्या कोणत्याही नीतिशास्त्राची ती सामान्य अडचण आहे. परंतु प्रश्न परक्याच्या प्राणाचा असतो तेव्हा ती अडचण तात्त्विक राहत नाही.

७

सुटकेनंतरच्या सहा वर्षांत टिळकांचे राजकारण सनदशीर चळवळीचे होते. १९१६ साली होमरूल लीगची स्थापना आणि लखनौचा हिंदु-मुस्लिम करार, १९१८–१९ साली विलायतेचा दौरा, असा त्याचा क्रम आहे. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर त्यांनी लावलेल्या बदनामीच्या खटल्यात १८९७चे लेखन पुन्हा पुराव्यात आले आणि १९१९ साली लंडनच्या न्यायालयात ते हरले. बावीस वर्षांपूर्वीचे शब्द त्यांच्या पाठीशी लागलेलेच होते.

१९२०च्या जानेवारीत ‘यंग इंडिया’तून गांधी आणि टिळक यांच्यात एक छोटा पण अर्थपूर्ण विचारविनिमय झाला. राजकारण हा साधूंचा प्रांत नसून संसारी माणसांचा आहे, आणि अक्रोधाने क्रोध जिंकावा या बुद्धवचनापेक्षा जो जसा येईल त्याला तसे भेटण्याचे श्रीकृष्णाचे तत्त्व आपल्याला अधिक ग्राह्य वाटते, असे टिळकांनी कळविले. या दोन वचनांत विरोध नाही आणि राजकारण साधुत्वाला वर्ज्य मानणे हाच मानसिक आळस आहे, अशा आशयाचे उत्तर गांधींनी दिले. त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी मुंबईत सरदारगृहात टिळकांचे निधन झाले. असहकाराची चळवळ त्याच दिवशी सुरू झाली.

वादाचा पुढचा भाग दुसऱ्यांनी चालविला. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनासक्तियोगा’त गांधींनी गीतेचे युद्ध अंतःकरणातील मानले. अहिंसा शिकविण्यासाठी गीता लिहिली गेली नाही, हे त्यांना मान्य होते. पण फलत्याग खरोखर पूर्णत्वास गेला तर असत्य आणि हिंसा यांना जागाच उरत नाही, असा त्यांचा अनुभवाधिष्ठित निष्कर्ष होता. टिळकांची अट त्यांनी शेवटापर्यंत ताणली आणि ती पुरी झाली तर परवानगीच रद्द होते, असे दाखविले. विनोबांच्या १९३२ सालच्या धुळे तुरुंगातील प्रवचनांनी हाच धागा मराठीत आणला. डॉ. आंबेडकरांनी वेगळ्याच बाजूने आक्षेप घेतला. त्यांच्या निधनानंतर १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनात, आत्मा मरत नाही म्हणून मारण्यात दोष नाही, या युक्तिवादालाच त्यांनी हत्येचे विपरीत समर्थन म्हटले आणि गीतेतील कर्म म्हणजे व्यापक कर्तव्य होय, हा टिळकांचा अर्थही नाकारला. गांधींनी परवानगी अटीत विरघळवली. आंबेडकरांनी परवानगी देण्याचा ग्रंथाचा अधिकारच अमान्य केला.

या वादाचे मोल १९४८ साली प्रत्ययास आले. ३० जानेवारी रोजी गांधींचा खून करणाऱ्या नथुराम गोडसे यांनी ८ नोव्हेंबर रोजी न्यायालयात केलेल्या निवेदनात राम, कृष्ण आणि अर्जुन यांची उदाहरणे दिली आणि शिवाजीने केलेल्या अफजलखानाच्या वधाचाही आधार घेतला. १८९७च्या व्याख्यानातील कुरुक्षेत्र आणि प्रतापगड ही जोडी एकावन्न वर्षांनी पुन्हा एकत्र आली. समोर मात्र परकी सत्ता नव्हती. गीतेचा नित्यपाठ करणारा, प्रार्थनेला निघालेला निःशस्त्र वृद्ध होता. याची जबाबदारी टिळकांवर टाकणे हा ऐतिहासिक अन्याय होईल. १९१६ साली करार घडवून आणणारा नेता आणि ‘गीतारहस्या’चा कर्ता या कृत्याला आपल्या अटीत बसवू शकला नसता. परंतु युक्तिवाद लेखकापासून सुटा होऊन प्रवास करतो, आणि प्रवासात त्याच्या अटी आधी गळतात, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

८

टिळकांच्या जीवनाच्या या समालोचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, हिंसेच्या समर्थनासाठी धर्मग्रंथाचा उपयोग होतो तेव्हा बहुधा पुराव्याचा प्रश्न आधी बाजूला सारलेला असतो. दुसरी, त्याच ग्रंथातील मर्यादा घालणारे तत्त्व प्रसंगाच्या दबावाखाली मुभा देणारे तत्त्व बनते, आणि हे रूपांतर शब्द न बदलता होते. तिसरी, भाषण, वृत्तान्त आणि शास्त्रग्रंथ या वाङ्मयप्रकारांचा या रूपांतराशी निकटचा संबंध आहे. व्याख्यानाला टाळी हवी असते. वृत्तपत्राला दुसऱ्या दिवशीचा वाचक हवा असतो. ग्रंथाला पूर्वपक्षाला उत्तर द्यावे लागते. मंडालेच्या एकान्तात टाळीही नव्हती आणि वाचकही नव्हता. तेथे केवळ पूर्वपक्ष होता, आणि म्हणूनच तेथे अट लिहिली गेली.

महाराष्ट्राने टिळकांचे व्याख्यान आणि त्यांचा ग्रंथ या दोहोंचा आदर केला. पण स्मरणात अधिक राहिले ते व्याख्यान. ‘गीतारहस्य’ घरोघरी पूजेच्या फळीवर गेले. त्यातील बाराव्या प्रकरणापर्यंत पोहोचलेले वाचक त्या मानाने थोडे असावेत. आजारी वडिलांजवळ बसून गीतेची टीका वाचणाऱ्या मुलाने विचारलेली शंका ग्रंथाच्या प्रसंगाविषयी होती. त्या शंकेचा दुसरा अर्धा भाग अजून विचारावयाचा राहिला आहे : प्रत्येक काळात जो आपला प्रसंग कुरुक्षेत्राचा आहे असे सांगतो, त्याला तसे म्हणण्याचा अधिकार कोणत्या पुराव्यावर मिळतो? हा प्रश्न गीतेच्या अर्थाचा जितका आहे तितकाच तो गीता हाती घेणाऱ्याच्या उत्तरदायित्वाचा आहे. आणि टिळकांनी घातलेली अट त्यांच्याच व्याख्यानाला लावून पाहणे, हा त्यांच्या ग्रंथाच्या अभ्यासाचा प्रामाणिक आरंभ ठरेल.